अँटेना नागपूरकडे

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला वाटतं की माझं तिच्यापासून काही लपत नाही. तुम्हाला सांगून राहिलो, कारण तुम्ही आमच्या गल्लीतले नाहीत. लिहायला बसलो तर दोनदा उठून दार पाहून आलो — कोण येणार आहे आता? विषय ऐकाल तर हसाल. टीव्हीच्या अँटेनाची गोष्ट आहे.

ऐंशीच्या दशकातलं सौंसर. नागपूरचा टीव्ही आमच्याकडे पोचायचा, पण थकून-भागून. चित्र कमी, मुंग्या जास्त. मग संत्र्याच्या झाडांना टेकू देतात ते बांबू एकाला एक बांधायचे, वर अँटेना लावायचा, आणि फिरवत बसायचं. एक जण गच्चीवर, एक अंगणात, एक टीव्हीसमोर. "आला का?" — "नाही, मुंग्याच!" कोणाच्या घरी काय दिसत नाही, ते अख्ख्या गल्लीला कळायचं.

पण फिरवायचं ते बोटभर इकडे-तिकडे; गल्लीतल्या सगळ्या अँटेनांची तोंडं एकाच बाजूला. जिकडे नागपूरची बस जाते तिकडे. बस त्या रस्त्याला लागते म्हणजे नागपूर तिकडेच — यात शंका कोणाला? मलाही नव्हती. पुढे रस्ता किती वळतो, हे बसमध्ये बसून कोण पाहतं? पण एका वादळात आमचा बांबू आपोआप फिरला, आणि घरात चित्र इतकं स्वच्छ आलं की आई म्हणाली, बातम्यावाल्या बाईच्या कानातले डूल दिसून राहिले. मी वर गेलो, पाहिलं, समजलो — नागपूर बसच्या रस्त्याकडे नव्हतंच. दोर आवळला. खाली येऊन सांगितलं — नवा बूस्टर लावला. अँटेना वाकडा काऊन, असं कोणी विचारलं तर म्हणायचो, वादळानं फिरला, बूस्टर जोरदार आहे म्हणून चालून जातं.

लोकांनी बूस्टर आणले. मुंग्या गेल्या नाहीत. संध्याकाळी सगळे आमच्याच घरी — बाबा खाटेवर ऐटीत, आई चहा करून करून वैतागलेली, आणि मी बटणं फिरवणारा मोठा माणूस. आवडायचं मला ते. फार आवडायचं.

आता सिंधूकाकू. थांबा — पाणी पितो.

सिंधूकाकू भिंतीपलीकडची. तिचा वसंता माझ्याच वर्गातला. दिल्लीच्या सव्वीस जानेवारीच्या परेडीसाठी एनसीसीचे कॅडेट निवडणार होते, तेव्हा आम्ही दोघंही गेलो. त्याला घेतलं. मला छिंदवाड्यावरूनच परत पाठवलं. मी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो, हार घातला, आणि पोटातून नुसता जळत होतो. ते त्याला कळलं असेल का? बहुतेक नाही. तो कोणाबद्दल वाईट धरणारा नव्हता.

काकूचे गुडघे गेलेले. घरातल्या घरात भिंत धरून चालायची. पोराला परेडीत पाहता यावं एवढ्यासाठी काकांनी टीव्ही घेतला — रंगीत. आमचा काळा-पांढरा. लक्षात येतंय ना? त्यांच्याकडे चित्र आलं की आमच्या घरी कोण कशाला येणार होतं?

सव्वीस जानेवारीच्या सकाळी काका आले. "बाबू, बूस्टर लावला तरी मुंग्याच. तुले समजते यातलं, चाल ना रे."

गेलो. मी त्यांच्या गच्चीवर, काका अंगणात, काकू टीव्हीसमोर. मला शोधायचं काय होतं? दिशा माहीतच होती. बांबू हळूहळू फिरवला, आणि काकूचा आवाज अंगण ओलांडून थेट वर आला — "आलं! आलं व माय! घोडे दिसून राह्यले, लाल कपड्यातले! हलू नको रे बाबू!"

आमच्याकडे परेड पाहायला आलेली दोन-चार माणसं तो आवाज ऐकून भिंतीशी आली. पलीकडे डोकावायला लागली. ते मी वरून पाहिलं —

आणि बांबू परत फिरवला. हात घसरला नाही, वारा नव्हता. मी फिरवला. बसच्या रस्त्याकडे तोंड केलं, दोर कचकचून आवळला आणि खाली आलो. "काका, टीव्हीतच फॉल्ट आहे, चित्र टिकतच नाही. काकूला आमच्याकडे घेऊन चला."

तिनं वसंताला पाहूच नये, असं मला वाटत होतं का? नाही. पाहावं, पण आमच्या घरी, आमच्या टीव्हीवर, खाली बसून. हे काही कमी वाईट नाही, मला माहीत आहे.

काकू निघाली. एक हात काकांच्या खांद्यावर, एक माझ्या हातात. दर पावलाला कण्हायची आणि पुन्हा म्हणायची, चला लवकर. आमच्या पायरीशी पोचलो तर आत टाळ्या. "गेला! वसंता आत्ताच गेला!" त्या रांगांमधून एकटा वसंता कोणाला ओळखू आला असेल, देव जाणे. पण सगळ्यांनी पाहिला होता. काकू पायरीवरच बसली. कसा दिसला, म्हणून एकेकाला विचारत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"तुले तं पाहाले भेटलंच नाही, बाप्पा. माह्यापायी."

तेव्हा तोंड उघडता आलं असतं. नंतरही किती वेळा. काका टीव्ही दुकानात दाखवून आले, तेव्हाही. दुकानदार म्हणाला, सेट चांगला आहे. मी म्हणालो, त्याला काय समजते. आता काका नाहीत, काकू नाही. वसंता भेटला की अजूनही पाठीवर थाप मारतो.

तो दिल्लीहून आला त्या दिवशी काकूनं त्याला अंगणात वर्दी घालून चालायला लावलं. गल्ली जमली. तो लाजत होता, तरी ताठ चालला, तुळशीपासून फाटकापर्यंत, फाटकापासून तुळशीपर्यंत. काकूनं मला हाक मारली, खाटेवर जवळ बसवलं.

"पाय बाबू, तू बी पाय. तुयंही राह्यलं होतं."

आणि माझा हात हातात घेऊन बसली — बांबू फिरवला तो. मी टाळ्या वाजवायच्या निमित्तानं तो सोडवून घेतला.