आप्पांनी सगळ्यांचं ऐकलं

माझी बोटं सकाळी मिटायची नाहीत, तिथून हे सुरू झालं. मी सोलापुरातल्या एका शाळेत गणित शिकवते. फळ्यावर लिहिताना खडू हातातून निसटायला लागला तेव्हा डॉक्टरांकडे गेले. रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यांत विशेष काही निघालं नाही. "वयाचं आहे, थोडं वजन कमी करा," एवढं सांगून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. माझं काही समाधान झालं नाही. त्याच आठवड्यात स्टाफरूममधल्या मैत्रिणीनं मला लेक्टिनवरचा एक व्हिडिओ पाठवला.

त्यातला माणूस फार शांतपणे बोलायचा. डाळी, शेंगदाणे, गहू, टोमॅटो, वांगी, मिरची, या सगळ्यांत लेक्टिन नावाचं प्रथिन असतं; झाडं स्वतःच्या बचावासाठी ते तयार करतात; आपल्या आतड्याला त्यानं इजा होते आणि मग सांधे धरतात, असं त्याचं म्हणणं. मी ते सगळं खाणं बंद केलं. दीड महिन्यात बोटं मिटायला लागली. हे मी आजही नाकारणार नाही. पण स्वतःला गुण आला की माणूस दुसऱ्या कुणाचं ऐकेनासा होतो. माझं तसंच झालं.

तेवढ्यात आप्पा, माझे वडील, वैरागहून माझ्याकडे राहायला आले. आई जाऊन चार महिने झाले होते. चाळीस वर्षं त्यांनी वैरागच्या पेठेत डाळ-दाण्याचं दुकान चालवलेलं. तुरीचा एक दाणा दाताखाली फोडून ती किती वाळलेली आहे ते सांगत. अशा माणसाला मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की डाळ बंद.

"डाळ न्हाय?" त्यांनी ताटाकडे बघत विचारलं.

"नाही आप्पा. तुमचे गुडघे त्यानंच धरलेत."

"बरं. आन शेंगाची चटणी?"

"तीही नाही."

"बरं," म्हणाले, आणि पुढं काही विचारलं नाही. ताटात शेवग्याची भाजी, कोबी आणि तूप होतं. त्यांनी मुकाट्यानं खाल्लं.

भाकरीचा प्रश्न मात्र मला सुटेना. त्या व्हिडिओवाल्याला ज्वारी चालत होती. दुसरा एक होता तो म्हणायचा, साखरेच्या रुग्णानं कुठलंच धान्य खाऊ नये. आप्पांना बारा वर्षांपासून साखर. रोज सकाळी नाश्त्याआधी गोळी. तिसऱ्या ठिकाणी वाचलं की आपल्या आज्या-पणज्या डाळ-भाकरीवरच जगल्या, हे सगळं परदेशी खूळ आहे. मी रोज शाळेतून आले की तासभर फोनमध्ये डोकं घालून बसायची. एकानं सांगितलेलं दुसरा खोडून काढायचा आणि दोघंही तितक्याच खात्रीनं बोलायचे. शेवटी मी ठरवलं की धोका नको, भाकरी अर्धीच देऊ. आप्पांच्या दोन भाकऱ्यांची अर्धी झाली. त्यांची गोळी तेवढीच राहिली. गणिताच्या बाईच्या हे लक्षात आलं नाही.

माझा मोठा भाऊ अकलूजला डेअरीत नोकरी करतो. त्याला हे कळलं आणि त्याचा फोन आला.

"आप्पांना डाळ देत नाहीस म्हणे तू?"

"दादा, त्यामागं कारण आहे. मी तुला व्हिडिओ पाठवते."

"मला नको तुझा व्हिडिओ. म्हातारा माणूस, शाकाहारी, त्यात डाळ नाही, भाकरी नाही. मग खायचं काय त्यांनी?"

"तू येऊन बघतोस का त्यांचं? बघणारी मी आहे."

त्यानं फोन ठेवला. पुढच्या रविवारी तो आला, माझ्याशी कामापुरतं बोलला, आप्पांपाशी दार लोटून तासभर बसला आणि निघून गेला.

आप्पांचा सदरा गळ्याशी सैल दिसायला लागला. दुपारी ते बसल्या जागी पेंगायचे. एकदा बटण लावताना त्यांचे हात थरथरताना मी पाहिले. काळजी वाटलीच. पण व्हिडिओत सांगितलं होतं की सुरुवातीचे काही आठवडे अशक्तपणा येतो, शरीर साफ होत असतं. मी ते वाक्य धरून बसले. खरं सांगायचं तर मला तेव्हा आप्पांपेक्षा दादाला खोटं पाडायचं होतं. हे मला फार नंतर कळलं.

नंतरचा असाच एक रविवार होता. नवरा कामासाठी पुण्याला गेलेला. साडेअकराच्या सुमाराला मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर आप्पा खुर्चीत ताठ बसलेले. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. पंखा चालू होता.

"आप्पा, काय होतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला ओळखल्यासारखं वाटेना. "माप बघ," ते जड जिभेनं म्हणाले. "गिऱ्हाईक थांबलंय की."

"कुठलं गिऱ्हाईक? आप्पा, मी कोण आहे सांगा."

ते हात पुढं करून हवेतच काहीतरी तोलत राहिले. मला वाटलं, लकवा. गॅलरीत जाऊन मी खाली राहणाऱ्या रिक्षावाल्या चाचांना हाक मारली. ते धावत वर आले, आप्पांच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "ताई, यांना साखरेची गोळी आहे का?"

"आहे."

"मग तोंडात साखर घाला आधी. आमच्या अम्मीला असंच व्हायचं."

मी जागची हलले नाही. बारा वर्षं आम्ही आप्पांच्या हातातून साखर काढून घेत आलो होतो. लग्नात जिलबी ताटातून उचलून घेतली होती. आणि आता हा माणूस सांगतोय साखर घाला. लकवा असेल तर? साखर आधीच वाढलेली असेल तर? घरात साखर मोजायचं यंत्र होतं, त्याच्या पट्ट्या संपल्या होत्या आणि आणायच्या राहून गेल्या होत्या. मी एवढं वाचलेली, ऐकलेली, आणि त्या घटकेला मला काहीच ठाऊक नव्हतं.

"ताई, गिळता येतंय त्यांना अजून. नंतर येणार नाही," चाचा आवाज न चढवता म्हणाले.

मी वाटीत पाणी घेऊन साखर कालवली. चमचा ओठाशी नेताना अर्धी सांडली. आप्पांनी गिळली. दुसरा चमचा, तिसरा. मग चाचांनी त्यांना आधार देऊन खाली नेलं आणि आम्ही रिक्षातून दवाखान्यात गेलो. वाटेत सिग्नलपाशी आप्पांनी मान वळवून मला विचारलं, "बाय, कुटं चाललो आपण?" मी त्यांचा हात धरून बसले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या. बोटातून थेंब घेतला. साखर देऊनसुद्धा ती खालीच होती. त्यांनी शिरेतून ग्लुकोज लावलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"खाण्यात काही बदल केला होता का?"

"नाही," मी म्हणाले.

का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या कागदावर लिहायला लागल्या. त्यांनी 'नाही' लिहिलं असेल, आणि त्या 'नाही'वर आप्पांचा पुढचा औषधोपचार ठरणार होता. मी बाकड्यावर बसले, परत उठले.

"डॉक्टर, मी खोटं बोलले," मी म्हणाले. "डाळ पूर्ण बंद आहे. भाकरी अर्धीच देते. महिना होऊन गेला."

त्यांनी कागदावरचं खोडलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "गोळी चालू आणि जेवण कमी, की साखर अशी खाली येते," त्या म्हणाल्या. "आज रात्री त्यांना इथंच राहू द्या. ही गोळी पुन्हा साखर पाडू शकते."

मी फोन केला होता; दुपारी तीनच्या सुमाराला दादा अकलूजहून आला. माझ्याकडे न बघता थेट आप्पांच्या पलंगाशी गेला. आप्पा पूर्ण शुद्धीवर होते. "डॉक्टर, हिनं यांना उपाशी ठेवलंय," तो म्हणाला. मी मान खाली घातली, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

"आणखी काही घेत होता का, आजोबा?" डॉक्टरांनी आप्पांना विचारलं. "काढा, चूर्ण?"

आप्पा दादाकडे बघायला लागले. दादाचा चेहरा उतरला.

"व्हय," आप्पा म्हणाले. "ह्यानं पूड दिली हाय. लई कडू. सकाळी एक चमचा, सांजच्याला एक. साखरंवर गुणाची म्हणाला. हिला सांगू नगं म्हणाला."

दादा हळूच म्हणाला, "आमच्याकडं एकाला फरक पडला होता."

"तुम्ही दोन्ही करत होता?" डॉक्टरांनी विचारलं. "आणि वर आमची गोळी?"

"तुमी सांगितलं, ते घेतलं. पोरीनं सांगितलं, ते सोडलं. पोरानं दिलं, ते खाल्लं," आप्पा म्हणाले. "समदी माझ्या भल्याचंच सांगत्यात. नगं कुणाला म्हणू?"

मला तिथं रडू आलं. दादा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी घरी सोडताना मी डॉक्टरांना लेक्टिनबद्दल विचारलंच. दादा मागे उभा होता, तरी विचारलं. त्या हसल्या नाहीत. लेक्टिन असतं, ते खोटं नाही, म्हणाल्या. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा खाल्ला तर माणूस चांगलाच आजारी पडतो. पण डाळ-कडधान्य भिजवून नीट उकळलं की ते बरंचसं निकामी होतं. "तुमच्या बोटांना कशानं फरक पडला ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याच वेळी तुम्ही बेकरीचं, तळलेलंही सोडलं असेल ना? वजन उतरलं असेल. कदाचित एखादा पदार्थ तुम्हाला सोसत नसेल. एकेक परत सुरू करून बघा. पण तुमच्यावरून यांचं ठरवू नका." आप्पांच्या गोळीचा डोस त्यांनी कमी केला, आणि असली चूर्णंही साखर पाडतात म्हणून ते बंद करून त्याची बाटली बघायला मागवली.

घरी मी एकेक पदार्थ खाऊन पाहिला. डाळीनं काही झालं नाही. शेंगदाण्यानंही नाही. टोमॅटो जास्त झाला की सकाळी बोटं जड वाटतात. ते खरंच की माझ्या मनाचं, सांगता येत नाही. मी टोमॅटो कमी खाते, एवढंच. दादा अजूनही म्हणतो की ते चूर्ण चांगलं होतं, फक्त मी घडवलेल्या उपासामुळं बिघडलं. आम्ही त्यावर वाद घालणं सोडून दिलं आहे.

महिन्याभरानं तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सवयीनं माझ्याकडे बघून विचारलं, "जेवण कसं आहे यांचं?" मी तोंड उघडलं तोच आप्पा खुर्चीत पुढं सरकले.

"मला इचारा की," ते म्हणाले. "खाणारा मी हाय. दोन टायमाला एकेक भाकरी, वाटीभर आमटी. आन आता कुणी काय बी दिलं तरी आदी तुमाला दावणार."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी आणि दादा बाजूला बसून ऐकत होतो.