नळावरची लेव्हल

हिरो परत मेला. एकोणिसाव्यांदा. मी हेडफोन काढून टेबलावर आपटले.

लोअर परळच्या एका ऑफिसात मी टेस्टर आहे. गेम बाजारात जाण्याआधी तो खेळायचा आणि त्यातल्या चुका लिहून काढायच्या, हे माझं काम. या चुकांना आम्ही बग म्हणतो. वीसेक वर्षांपूर्वी एका मारधाडीच्या सिनेमावर घाईघाईत काढलेला हा गेम आता मोबाइलवर आणायचा होता. उडीचं बटण दाबलं की हिरो जांभई देऊन मग उडायचा. गोळ्या भिंतीतून यायच्या. बनवणाऱ्याला समोर उभं करून झापावं असं वाटत होतं.

चौथ्या लेव्हलला चाळ. नळावर बायकांची रांग आणि हिरोला पलीकडे जायचंय. मी पळत गेले की एक बाई कळशी हाणायची, हिरो खलास. मी बग लिहिला: 'कारण नसताना मृत्यू. लेव्हल काढावी.'

तिसऱ्या दिवशी वैतागून फोन तसाच ठेवून दिला. हिरो रांगेच्या शेवटी नुसता उभा. बायका एकेक करून पुढे सरकल्या. त्याचा नंबर आला, तो पाणी प्यायला, त्याची ताकद पूर्ण भरली आणि बायकांनी त्याला वाट दिली.

मला स्वतःचाच संताप आला. मी बीडीडी चाळीत वाढलेली. मध्ये घुसणारीची बादली आईने लाथेने उडवलेली मी पाहिलीय. आणि तीन दिवस मीच घुसत होते! त्या भिकार गेममध्ये कुणीतरी ही एक गोष्ट जीव ओतून केली होती.

मी तडक बॉसकडे, कौस्तुभकडे गेले.

"अरे, तो बग नाहीये. लेव्हल ठेव. या गेममध्ये चांगलं तेवढंच आहे."

"किती वेळ उभं राहायचं?"

"चाळीस सेकंद."

"पब्लिक डिलीट मारेल यार. आणि तूच लिहिलंयस ना, काढा म्हणून? क्लायंटने अप्रूव्ह पण केलंय."

"चुकले मी. परत पाठव."

"आता कोण परत पाठवणार? सोड ना."

मी भांडले, आवाज चढवला. बाकीचे स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले.

गेम आला. उशिराची उडी आहे, भिंतीतल्या गोळ्या आहेत. त्या दुरुस्त करायला म्हणे वेळ नव्हता. चाळ तेवढी नाही. बदलांच्या यादीत लिहिलंय: चौथी लेव्हल टेस्टरच्या शिफारशीवरून काढली. पुढे माझं नाव.

तेव्हापासून रिपोर्टात मी 'काढावी' असं लिहीत नाही. 'मला जमली नाही' असं लिहिते.