घोंगडीत गुंडाळलेले बुश

वाळूजला माझं छोटं वर्कशॉप आहे. पंपात बसणारे पितळी बुश आम्ही बनवतो. त्यातले निम्मे परदेशातल्या एका गिऱ्हाइकाकडं जातात, म्हणजे जायचे.

त्या गिऱ्हाइकाला तसेच बुश दुसऱ्या एका देशातला कारखानाही द्यायचा. त्या कारखान्याच्या तर दारातच बंदर. आमचा माल ट्रकनं मुंबईच्या बंदराला लागेपर्यंतच चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला व्हायचा. त्यात गिऱ्हाइकाच्या सरकारनं आमच्या मालावर कर वाढवला आणि त्या देशाला माफी दिली. आमच्याकडं एकच हुकमी एक्का उरला: मालावर कधी ओरखडा नसायचा.

भाडं वाचवायला मी जड लाकडी पेट्या बंद करून पुठ्ठ्याचे खोके आणले. पॅकिंग करणारे मामा खुलताबादकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. खोका दाबून बघत म्हणाले, "साहेब, यात माल घासंल. लई लांबचा रस्ता हाय."

"कसंही बसवा मामा, पण खर्च वाढवू नका."

त्यांनी छदामही वाढवला नाही. घरची जुनी घोंगडी कापून आणली आणि एकेक बुश तान्ह्या लेकरासारखा गुंडाळला. मी शेजारी उभा राहून कौतुक केलं आणि टेबलावर जाऊन निर्यातीच्या नेहमीच्या कागदावर सही ठोकली: खोक्यात प्राण्यांपासूनची कोणतीही वस्तू नाही. लोकर मेंढीची असते हे मला काय ठाऊक नव्हतं? पण माझ्या डोक्यात फक्त भाडं होतं.

तिकडच्या बंदरावर खोके उघडले, आत लोकर निघाली, कागद खोटा ठरला आणि माल अडकला. गिऱ्हाइकाचं काम खोळंबलं. मी घाबरलो आणि मेल पाठवला: चूक पॅकिंगच्या माणसाची आहे, त्याला समज दिली आहे. मामांना तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं.

उत्तर काही आठवड्यांनी आलं. माल सुटला होता, पण पुढची ऑर्डर त्यांनी बंदराजवळच्या कारखान्याला दिली होती.

मी मामांना सगळं सांगितलं, फक्त मेलचं सोडून. त्यांनी एवढंच विचारलं, "माल घासला व्हता का?"

"नाही. एकही नाही."

"मंग माझं काय चुकलं, साहेब?"

"तुमचं काहीच नाही, माझं चुकलं," मी म्हणालो. गिऱ्हाइकाला मात्र हे मी आजवर कळवलेलं नाही.