आबाजींनी न उचललेलं पान

अन्याय झाला तो आमच्या पक्षाच्या आबाजींवर. कधी, तेही सांगतो. पंचायत समित्या नव्या झाल्या त्या याच वर्षी, दवाखान्याच्या ठरावावर हात वर झाले त्या दुपारी.

सरकारी दवाखाना सभापतींच्या गावी न्यायचा की पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या, पूर्णा नदीपलीकडच्या गावी, एवढाच प्रश्न होता. पक्षाने सभापतींचं गाव ठरवलं. सकाळी महादेवाच्या देवळात आमच्या सभासदांना बेलाचं पान उचलायला लावलं. पान उचलून दिलेला शब्द फिरवायचा नसतो, हे आमच्याकडे पोरही जाणतं. ताट माझ्या हातात होतं. पक्षाची पत्रकं लिहून नांदुऱ्याहून छापून आणणारा मी, म्हणून विश्वासातला.

आबाजींपाशी आलो तर सभापतींनी माझं मनगट धरलं. "त्यायले काऊन देतं बे? आबाजी म्हंजे घरचे."

आबाजी नुसते हसले.

दुपारी दोन्हीकडचे हात सारखे झाले. आबाजींचा राहिला होता. तो पूर्णेपलीकडच्या गावासाठी वर गेला आणि दवाखाना तिकडे गेला.

दिवे लागेपर्यंत बोंब झाली, आबाजींनी बेल उचलून बेइमानी केली. मलाही वास आला होता. काहीतरी मिळालं असणार. त्यांची जमीन पाहिली, सोयरे पाहिले, ठेके पाहिले. काही सापडेना. मग तोंडावरच विचारलं.

"आबाजी, तुमाले भेटलं काय?"

"तुह्या पक्षाचा जोडा भेटला. आनखी काय पायजे?"

"मंग हात काऊन वर केला?"

"तिकडची बाई अडली तं नदी उतरता उतरता डोंग्यातच मरते. सभापतीच्या दारातून मोटर जाते."

एवढ्याने संशय गेला का? पुरता नाही. राजकारणातला माणूस इतका सरळ असतो, हे मला अजून पटत नाही. पण पान त्यांच्यापुढे गेलंच नाही, हे पटण्या-न पटण्याचं काम नाही. ताट माझ्या हातात होतं. मग बोंब कोणी उठवली? सकाळी बेल उचलला गेला, हे देवळात होते तेवढ्यांनाच ठाऊक होतं. माझा संशय आता तिकडे वळला आहे.

आबाजींच्या ओट्यावर अर्ध्या तालुक्याची बांधाची भांडणं मिटत. आता तिथे कोणी फिरकत नाही. "शपथ मोडनाऱ्याचा निवाडा कोन आयकीन?" म्हणतात. मी बोललो तर म्हणतात, पोरगं फुटलं.

म्हणून तुम्हाला सांगतो. त्या सकाळी तुम्ही देवळात असाल, तर पुढच्या बैठकीत उभे राहा आणि बोला, आबाजींनी पान उचललं की नाही. नसाल, तर जो होता त्याला चारचौघांत धरून विचारा. आणि तुमच्या बांधाचं भांडण असेल, तर ते आबाजींच्या ओट्यावर न्या.