पोटाचं बुजलेलं दार

माझा मुलगा जेमतेम महिन्याचा होता. अलिबागजवळच्या आमच्या घरी तो दूध प्यायचा, क्षणभर निवांत पडायचा, आणि मग सगळं दूध कारंज्यासारखं लांब उडायचं. लगेच पुन्हा भुकेनं मुठी चोखायला लागायचा.

"गुळणी टाकणारं बाळ वाढतं गं," सासूबाई म्हणायच्या. पण हा अंग धरेना. मीही अर्धवट झोपेतच वावरत होते; वाडीतल्या पोफळी हलताना दिसायच्या, त्यांचा आवाज मात्र यायचा नाही.

एका सकाळी लंगोट कोरडाच निघाला. टाळू खोल गेलेली. सासूबाईंनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "चल, ऊठ. हे साधं न्हाय."

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट हळुवार चाचपलं, मग माझं बोट धरून तिथे टेकवलं. आत सुपारीएवढं काहीतरी टणक लागलं. सोनोग्राफी झाल्यावर त्या म्हणाल्या, "जठरातून दूध पुढे जातं तिथला स्नायू जाड झालाय. वाट बुजलीय. मुंबईला नेऊन छोटं ऑपरेशन करावं लागेल."

"माझं काही चुकलं का?"

"अजिबात नाही. हजार बाळांत एखाद-दोघांना होतं हे. पहिल्या मुलग्यांत जरा जास्तच."

सलाईननं बाळाला तरतरी आल्यावर आम्ही मांडव्याहून बोटीनं मुंबईला निघालो. समुद्र दुधाळ, लाट नाही. किनारा मागे सरताना मला वाटलं, ओहोटीच्या वाळूवर हजार बाळं निजली आहेत. पोट भरलेली, तोंडं उघडी. वाऱ्यानं त्यांची झबली हलताहेत. एक-दोनच जागी, आणि त्यातलं एक माझ्या मांडीवर. मला भीती वाटेनाशी झाली. नवरा आपल्या सावलीनं बाळावरचं ऊन अडवत उभा होता.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, "पाजा आता, थोडं थोडं."

तो प्यायला. मी त्याला खांद्यावर घेतलं. ढेकर आला. सवयीनं मी पंचा पुढे धरला आणि थांबले. खिडकीतला उजेड भिंतीवरून सरकत गेला.

"राहिलं?" नवऱ्यानं कुजबुजत विचारलं.

"राहिलं."

बाळ झोपलं होतं. झोपेतही त्याचे ओठ चोखल्यासारखे हलत होते.