रांचीचा फोटो

शेवटची राजधानी ऐझॉल. तिथं पहाटे एका म्हातारीनं चहाची चूल पेटवली, मी बटण दाबलं, आणि चौदा वर्षांचं काम संपलं. प्रत्येक राज्याच्या राजधानीत सकाळी पहिली चूल किंवा भट्टी पेटवणारा माणूस शोधायचा आणि त्याचा एकच फोटो ठेवायचा, एवढंच ते काम. गोंदियात माझा स्टुडिओ आहे. लग्नसराई उरकली की मी निघायचो. त्या पहाटे आनंद व्हायला हवा होता. पण आता प्रदर्शन लावावं लागणार होतं, आणि त्यात रांची होती.

हे मी परवापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही.

माझी मोठी बहीण दवनीवाड्याला राहते. भाऊजी ट्रक चालवायचे. मी हे काम सुरू केलं त्याच वर्षी सडक अर्जुनीच्या एका ढाब्यावर ट्रक उभा करून ते खाली उतरले, ते परत आलेच नाहीत. शोधलं, पोलिसांत दिलं, नवस झाले. नऊ वर्षांनी ते मला रांचीत दिसले. धुसक्याच्या, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वड्यांच्या, गाडीवर भट्टी पेटवत होते. डोळ्यांत धूर, चेहऱ्यावर खालून लाल उजेड.

"बाबू," ते म्हणाले, "इथं माझी बाई हाय, दोन लेकरं हायेत. घरी सांगू नको. तुझ्या ताईसाठी मी मेलो."

त्यांची कॉलर धरायला हवी होती. मी म्हणालो, "एक फोटो काढू द्या. मग नाही सांगत."

खरं बोलायचं तर सगळ्या फोटोंत तोच सर्वांत चांगला आहे.

आमच्याकडे हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, आणि त्या दिवशी बाई विधवा होते. बारा वर्षं भरली तशी सासरची माणसं घाई करू लागली. बहिणीनं मला विचारलं, "तू एवढा देश फिरला. तुले काय वाटते? असतील का कोठी?"

मी म्हणालो, "उरकून टाक, ताई."

बांधावरची पानं मीच तोडून आणली. दिरानं अग्नी दिला. तिच्या बांगड्या फुटल्या तेव्हा मी मोबाईलमध्ये बघत होतो.

परवा दुपारी ती न सांगता स्टुडिओत आली, फोटोंखाली नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायला. मी घाईघाईनं रांचीचा फोटो पडद्यामागे सरकवला. जमिनीवर मांडलेल्या फोटोंमधून ती हळूहळू फिरली. मी कुठंही गेलो की ती रोज फोन करून गाव विचारायची. तिला सगळ्या राजधान्या पाठ.

"रांची कोठी हाय?"

"तो बिघडला."

"काऊन? तूच तर म्हनला होता, रांचीचा झकास आला म्हनून."

"चहा सांगू का, ताई?"

"चहा राहू दे. असा काऊन करून राहिला? लग्नात लोकायले हसा हसा म्हनतं, अन् आपलं तोंड पाह्य आरशात."

मी फोटो काढून तिच्या हातात दिला. ती आधी उभ्यानं बघत राहिली, मग स्टुलावर बसली.

"कधीचा?"

"पाच वर्षांचा."

"म्हनजे पुतळ्याच्या आधीचा."

"हो."

मग मी सगळं सांगितलं. दुसरी बाई, लेकरं, आणि फोटोच्या बदल्यात मी कबूल केलेलं गप्प राहणं. ती मारेल असं वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं एक कोरी चिठ्ठी उचलून माझ्यासमोर ठेवली.

"रविवारी प्रदर्शनाले सासरचे सगळे येऊन राहिले. याच्याखाली पुरं नाव लिहिजो. बाकीच्यायच्या खाली लिहिलं तसंच."

"लोक काय म्हणतील, ताई?"

"मले काय म्हनायचं ते म्हनून झालं लोकायचं. तू आपलं पाह्य."

लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. तिनं ती चिठ्ठी फाडली, दुसरी ठेवली. "नीट लिही."

फोटो आता दाराजवळ टांगला आहे, तिनं दाखवलेल्या जागी. रविवारी दीर आत शिरला की आधी त्याला तोच दिसेल, आणि मग तो माझ्याकडे बघेल. ताई तेव्हा माझ्या शेजारी उभी असेल की समोर, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.