न्या बेनिग्ना शाळा बघायला जाते

न्या बेनिग्ना (आमच्याकडं 'न्या' म्हणजे मावशी) चिपा विकते. साबुकंदाच्या पिठात चीज मळायचं, पहाटे मातीच्या भट्टीत त्याची पावासारखी कडी भाजायची, टोपलं डोक्यावर घ्यायचं आणि हमरस्त्यावर येईल त्या बसमध्ये घुसायचं. तोंड असं, की भूक नसलेला उतारूही चिपा घेतो आणि वर सुटे नाहीत म्हणून माफी मागतो.

अशी ही बाई एका गोष्टीपाशी अडून बसली होती. नातीला कुठल्या शाळेत घालायचं?

नात मिर्ता नऊ वर्षांची. समज सावकाशीची, बोलणं चार-दोन शब्दांचं, हात कापरे. हसली की मात्र सगळे दात दाखवून हसते. तिची आई ब्वेनोस आयरेसला लोकांच्या घरी कामाला. फोनवर म्हणाली, "आई, तूच काय ते ठरव. पोर तुझ्यापाशी हाय." गावच्या शाळेत मिर्ता बसत होतीच. आता शहरात अशा मुलांसाठी असलेल्या शाळेत एक जागा रिकामी झाली होती, आणि शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं.

शेजारचा क्रिस्पुलो कुंपणावर रेलून म्हणाला, "न्या, हितंच ऱ्हाऊ द्या की. समदी पोरं जीव लावत्यात तिला."

"लावत्यात तर. नाक पुसत्यात, चपला घालत्यात, चिपा मोडून तोंडात भरवत्यात. तितं शहरात कोण करनार हे? तुजा बाप?"

म्हणजे 'नाही' ठरल्यासारखंच होतं. पण न बघता नाही म्हटलं तर लेक उद्या बोल लावील, म्हणून गुरुवारी ती मिर्ताला घेऊन शहरात गेली.

मधली सुट्टी होती. आंब्याखाली पोरं आणि मास्तरीणबाई इल्दा गोल करून तेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यातला पाल्याचा चहा, पीत होत्या. शिंगाचा एकच पेला, एकच नळी. बर्फाच्या पाण्याचा तांब्या ज्याच्या हाती, तो पेला भरून एकेकाला देणार, रिकामा परत घेणार, पुढच्याला भरणार. इल्दाबाईंनी तांब्या सरळ मिर्ताच्या हातात ठेवला.

घरी न्या बेनिग्ना पेला स्वतः मिर्ताच्या तोंडाला लावायची. सांडलवंड नको. इथं पहिली धार बाईंच्या बुटावर गेली.

"वा! पाय गार झाले," बाई म्हणाल्या. "आता पेल्यात ओत."

न्या बेनिग्ना ताडकन उठली आणि तांब्याला हात घातला. "आना हिकडं! तिला न्हाई जमत!"

सगळ्या गोलानं माना वळवल्या. आमच्याकडं ओतणाऱ्याच्या हातातला तांब्या कोणी हिसकावत नाही. भांडण चाललेलं असलं तरी नाही. एक चष्मेवाली पोरगी तर न्या बेनिग्नाकडं असं बघायला लागली, जणू ही बाई चर्चमध्ये थुंकलीय.

"न्या, बसा बघू," इल्दाबाई म्हणाल्या. "ओतणारी ती आहे. तुमचा नंबर आला की मिळेल."

न्या बेनिग्ना बसली. कुठल्याच बसमध्ये तिला आजवर कोणी असं खाली बसवलं नव्हतं.

मिर्तानं जीभ दातात धरली. निम्मं आत, निम्मं बाहेर. पण एकेकाला पेला पोचत गेला. आजीचा नंबर आला. मिर्तानं पेला भरला, आजीकडं नीट बघितलं, आणि स्वतःच पिऊन टाकला. तळाचा घुर्र आवाज येईपर्यंत.

"अगं ए भवाने!"

"आजी, थांब," मिर्ता म्हणाली. दुसरा भरला आणि दिला.

पोरं खिदळली. न्या बेनिग्नानं पेला हातात घेतला. मग गटागटा प्याली.

"चल आता, बस जाईल," ती उठत म्हणाली. मिर्ता हलेना. अजून चष्मेवालीचा नंबर राहिला होता. बाहेर दुपारची बस भोंगा वाजवून निघून गेली. न्या बेनिग्नानं कपाळाला हात लावला आणि पुन्हा आंब्याखाली बसकण मारली.

"सोमवारी आनते हिला," ती बाईंना म्हणाली. "पर घंटा झाल्यावर उठवायचं कसं, ते तुमचं तुमी बगा. मला दाद देत न्हाई ती."